आग्र्यासाठी एकच दिवस असेल तर

दिवाळीच्या किंवा उन्हाळ्याच्या सुट्टीत आपल्याकडची पुष्कळ कुटुंबे दिल्लीला जातात. कोणाच्या नात्यातले लग्न असते, कोणाच्या मुलाची प्रवेश परीक्षा असते, कोणी पुढे अजमेरला जाणारे असतात. जामा मशीद, लाल किल्ला, कुतुबमिनार पाहून झाले की घरातले कोणीतरी म्हणतेच, ‘एवढ्या लांब आलोच आहोत, तर एक दिवस आग्राही करून येऊ.’

मग रातोरात गाडी ठरते. ताजमहाल, किल्ला, इतमाद-उद-दौलाचा मकबरा, फतेहपूर सिक्री, पेठ्याचे दुकान अशी यादी होते. पहाटे निघालेली मंडळी मध्यरात्री परततात तेव्हा दादीचे पाय सुजलेले असतात, धाकटे पोर रडून झोपलेले असते. दुसऱ्या दिवशी मुलांना काय पाहिले विचारा, त्यांना रांग आणि फोटो एवढेच आठवते.

बहुतेक घरांच्या बाबतीत आग्र्याची ही फेरी आयुष्यात एकदाच होते. दादी-नानींना तर पुन्हा येणे जमेलच असे नाही. म्हणून माझे सांगणे एवढेच, की यादीतली ठिकाणे कमी करा आणि वेळ वाढवा. एका दिवसात दोनच ठिकाणे घ्या: ताजमहाल आणि आग्र्याचा किल्ला. बाकीचे पुढच्या वेळी, इन्शाअल्लाह.

आधी वार पाहा

सर्वांत पहिली गोष्ट म्हणजे ताजमहाल शुक्रवारी बंद असतो. त्या दिवशी दुपारी जुम्याच्या नमाजसाठी आतल्या मशिदीत फक्त स्थानिक नमाजींना प्रवेश मिळतो. बाहेरगावहून आलेल्यांनी ‘जुमा ताजमध्ये पढू’ असा बेत आखू नये. इतर दिवशीही आतल्या मशिदीत नमाजची सोय होईल असे गृहीत धरू नका.

तुमच्या हाती शुक्रवारच असेल तर दिवस वाया जात नाही. किल्ला उघडा असतो. आग्र्याची जामा मशीद किल्ल्याजवळच आहे. शहाजहानची मुलगी जहाँआरा बेगम हिने ती बांधली, १६४८ साली ती पूर्ण झाली. तिथे जुमा अदा करता येतो. ताजचे दर्शन यमुनेच्या पलीकडच्या मेहताब बागेतून घेता येते. मात्र ताज आतून पाहायचा असेल तर दुसरा वार निवडा.

महिन्याचाही विचार करा. मे-जूनमध्ये आग्र्याचा पारा ४५ अंशांच्या घरात जातो आणि संगमरवराची फरशी तापते. डिसेंबरच्या अखेरीपासून जानेवारीपर्यंत दाट धुके पडते. गाड्या तासन् तास उशिरा धावतात आणि सकाळी ताज समोर असून दिसत नाही. दिवाळीची सुट्टी त्या मानाने उत्तम. फेब्रुवारी-मार्चही चांगले.

रेल्वे की मोटार?

सोबत वयस्कर माणसे आणि लहान मुले असतील तर मी रेल्वेच सुचवेन. दिल्लीच्या हजरत निजामुद्दीन स्टेशनवरून गतिमान एक्स्प्रेस सकाळी आठच्या सुमारास निघते आणि साधारण १०० मिनिटांत १८८ किलोमीटर अंतर कापून आग्रा कॅन्टला पोचते. संध्याकाळी सहाच्या सुमारास तीच गाडी परतीला मिळते. ही गाडीही शुक्रवारी नसते. त्याहून लवकर पोचायचे असेल तर नवी दिल्लीहून सकाळी सहाच्या सुमारास सुटणारी शताब्दी आहे. आरक्षण ६० दिवस आधी सुरू होते. सुट्टीच्या दिवसांत ते पहिल्याच आठवड्यात केलेले बरे. वेळापत्रक बदलत असते, म्हणून तिकीट काढताना वेळा पुन्हा पाहून घ्या.

मोटारीने जाणाऱ्यांसाठी यमुना एक्स्प्रेस-वे आहे. तो १६५ किलोमीटरचा, २०१२ साली खुला झालेला. दिल्लीतून बाहेर पडायचा वेळ धरला तर एका बाजूला साडेतीन-चार तास धरावेत. सहा-सात माणसे असतील तर मोटार स्वस्त पडते, पण धुक्याच्या दिवसांत पहाटे या रस्त्याला लागू नका. तेव्हा तिथे मोठे अपघात होतात.

निजामुद्दीन स्टेशनवर गाडीची वाट पाहताना मुलांना एक गोष्ट सांगा. मिर्झा गालिब १७९७ साली आग्र्यात जन्मले आणि त्यांची कबर आहे ती याच निजामुद्दीन वस्तीत. आग्र्याचे जुने नाव अकबराबाद. मीर तकी मीर तिथलेच, नजीर अकबराबादींच्या तर नावातच गाव आहे. उर्दूची तीन मोठी नावे एका गावाशी जोडलेली आहेत, हे उर्दू शाळेतल्या मुलांनाच नव्हे, मराठी माध्यमातल्या मुलांनाही कळायला हवे.

दिवसाची मांडणी

दहा वाजता आग्र्यात पोचलात आणि संध्याकाळी सहाची गाडी धरायची आहे, म्हणजे हाताशी साडेसात तास उरतात. त्यातले तीन तास ताजचे. दीड तास जेवण आणि जोहरच्या नमाजचा. दोन तास किल्ल्याचे. उरलेला एक तास येण्याजाण्यात आणि रांगेत जातोच. सिक्री आग्र्याहून सदतीस-अडतीस किलोमीटर आहे. जाणे, येणे आणि पाहणे मिळून चार तास हवेत. ते कुठून आणणार?

आणि सिक्री सोडायची म्हणजे कायमची सोडायची असे नाही. जयपूरहून आग्र्याला येणारा महामार्ग फतेहपूर सिक्रीवरूनच जातो. जी कुटुंबे अजमेर-जयपूर करून आग्र्याला येतात किंवा आग्र्याहून तिकडे जातात, त्यांना शेख सलीम चिश्तींचा दर्गा आणि बुलंद दरवाजा वाटेवरच लागतो. दिल्लीहून मुद्दाम धावत जाण्यापेक्षा तो रस्ता धरलेला बरा.

नमाजचा हिशेब आधीच मांडून ठेवा. महाराष्ट्रातून दिल्लीला चार-दोन दिवसांसाठी आलेले कुटुंब मुसाफिरच असते, त्यामुळे जोहर आणि असर कस्र. कोकणातल्या शाफई घरांत प्रवासात जोहर-असर एकत्र पढण्याची मुभा आहे. हनफी मंडळी दोन्ही नमाजा आपापल्या वेळी पढतात. आपल्या मौलाना साहेबांना घरूनच विचारून निघा, म्हणजे तिथे वाद होत नाही. पुरुषांसाठी जामा मशीद सोयीची आहे. स्त्रियांचे काय, हा प्रश्न मात्र नेहमी शेवटच्या क्षणी आठवतो. उत्तरेकडच्या बऱ्याच मशिदींत स्त्रियांसाठी वेगळी जागा नसते. जेवणासाठी कौटुंबिक खोली असलेले हॉटेल निवडा आणि वुजू व नमाजची सोय तिथेच विचारून घ्या. एक हलकी जानमाज पिशवीत असू द्या. सोबत आजारी किंवा फार वयस्कर कोणी असेल तर अर्ध्या दिवसासाठी एक खोली घेणे हा खर्च वाया जात नाही.

ताजच्या दारात

भारतीयांसाठी तिकीट ५० रुपये आणि मुख्य मकबऱ्यात जायचे असेल तर आणखी २०० रुपये. पंधरा वर्षांखालील मुलांना तिकीट नाही. तिकीट ऑनलाइन काढले तर खिडकीची रांग वाचते. एका तिकिटावर तीन तास आत थांबता येते. मोटारी दरवाजापर्यंत जात नाहीत. शेवटचा टप्पा विजेवर चालणाऱ्या गाडीने किंवा पायी. दादींसाठी व्हीलचेअर मिळते, ती मागायला संकोच करू नका. खाण्याचे पदार्थ, मोठ्या बॅगा, तंबाखू, काडेपेटी आत नेता येत नाही. तेव्हा डबा घेऊन जाण्याची आपली सवय इथे उपयोगाची नाही. मुलांना आधीच पोटभर खाऊ घाला आणि पाणी जवळ ठेवा.

आता खरी गोष्ट. ताजमहालाच्या भिंतींवर जे लिहिले आहे ते बहुतेक पर्यटक नक्षी समजून पुढे जातात. आपल्या घरातल्या, मकतबमध्ये नाजरा कुरआन शिकलेल्या मुलाला ते वाचता येते. मुख्य दरवाजावर सूरह अल-फज्र आहे. खुद्द मकबऱ्याच्या उंच कमानींभोवती सूरह यासीन आहे. पांढऱ्या संगमरवरात काळा दगड बसवून हे लिहिले आहे. लिहिणारे अमानत खान शिराजी. त्यांनी आत आपले नावही कोरून ठेवले आहे. खालून वरपर्यंत अक्षरे एकसारखी दिसतात, पण तशी ती नाहीत. वर जावे तशी ती मोठी केली आहेत, म्हणजे जमिनीवर उभ्या असलेल्या माणसाला ती सारखीच भासावीत. गणिताच्या तासाला याहून चांगले उदाहरण मिळणार नाही.

निघण्याच्या आठवडाभर आधी घरात रोज थोडा वेळ या दोन सूरह मुलांकडून वाचून घ्या आणि अर्थ सांगा. तिथली लिपी सुलुस आहे. तिच्यात अक्षरे एकमेकांवर रचलेली असतात, त्यामुळे पहिल्या नजरेत गोंधळ होतो. मुलांना सांगा, आधी उभे अलिफ आणि लाम शोधा, मग एखादा ओळखीचा शब्द. एक शब्द सापडला की पुढची ओळ आपोआप जिभेवर येते. ज्या मुलाला नुसते ‘फोटोसाठी उभा राहा’ म्हणून कंटाळा येतो, तेच मूल मग भिंतीसमोरून हलत नाही.

आत गेल्यावर दिसतात त्या नुसत्या प्रतिकृती. खऱ्या कबरी त्यांच्या खाली तळघरात आहेत. मुमताजची कबर बरोबर मध्यभागी आहे आणि शहाजहानची एका बाजूला. सगळ्या इमारतीत एवढीच एक जागा समतोल मोडते. मुलांना ती स्वतः शोधू द्या. मुख्य मकबऱ्यात फोटो काढायला मनाई आहे, आणि ते बरेच आहे. दुआ करायची असेल तर रांग न अडवता बाजूला उभे राहून करा.

गोष्ट कोणती सांगाल?

ताजची गोष्ट आपण प्रेमाची म्हणून सांगतो. ती एका आईच्या मृत्यूचीही आहे. मुमताज महल १६३१ साली वारली ती चौदाव्या बाळंतपणात, वयाच्या अडतिसाव्या वर्षी. आणि वारली ती आग्र्यात नव्हे, तर आपल्या जळगाव जिल्ह्याला लागून असलेल्या बुऱ्हाणपुरात. तिचे पहिले दफन तापीकाठी झाले. नंतर तिचे शव आग्र्याला नेले. हिंदुस्थानची मलिका, दाराशी हकीम उभे, तरी बाळंतपणात जीव वाचला नाही. मोठ्या मुलींना आणि मुलांनाही हे सांगा. बाळंतपणाची काळजी, वारंवार होणारी बाळंतपणे आणि आईचे आरोग्य हा विषय घरात काढायला याहून योग्य जागा नाही.

मराठवाड्यातल्या मुलांनी औरंगाबादचा बीबी का मकबरा पाहिलेला असतो. तो औरंगजेबाची पत्नी दिलरस बानू हिचा. त्याचा रचनाकार अताउल्लाह हा ताजचे रचनाकार उस्ताद अहमद लाहोरी यांचा मुलगा. दोन्ही इमारतींत काय सारखे, काय वेगळे, याची यादी मुलांना करू द्या.

किल्ल्यात

अकबराने १५६५ साली बांधायला घेतलेला हा लाल दगडाचा किल्ला. त्याचा बराच भाग आज लष्कराकडे आहे, पाहायला मिळतो तो दोन तासांत आरामात होतो. मुसम्मन बुर्जाजवळ थोडे थांबा. १६५८ पासून शहाजहान याच किल्ल्यात मुलाच्या कैदेत होता. सोबतीला जहाँआरा होती. तिथून नदीच्या वळणापलीकडे ताज दिसतो. सकाळी ताज पाहून आलेल्या मुलांना इथे फार समजावून सांगावे लागत नाही.

शहाजहान वारला जानेवारी १६६६ मध्ये. त्याच वर्षी मे महिन्यात शिवाजी महाराज आग्र्याला आले आणि ऑगस्टमध्ये निसटले. आपली मुले चौथीत हा धडा शिकतात, पण दोन घटना एकाच वर्षातल्या आणि एकाच गावातल्या आहेत हे त्यांना कोणी सांगत नाही. महाराजांना किल्ल्यात नव्हे, बाहेर छावणीत पहाऱ्यात ठेवले होते, हेही सांगा. किल्ल्यासमोर त्यांचा अश्वारूढ पुतळा आहे. मराठी बोलणाऱ्या मुस्लिम मुलाला इथे दोन्ही धागे हाती लागतात. एका दारावरची सूरह त्याला वाचता येते आणि दुसऱ्या दाराबाहेरचा इतिहास त्याच्या पाठ्यपुस्तकातला आहे. दोन्ही त्याचेच आहेत. हे त्याला भाषण देऊन सांगू नका, नुसते दाखवा.

फसवणूक टाळण्यासाठी

स्टेशनपासूनच लोक मागे लागतात. आग्र्यात त्यांना ‘लपके’ म्हणतात. ‘आज ताज लवकर बंद होणार’, ‘इकडून जवळचा रस्ता’ यावर विश्वास ठेवू नका. स्टेशनवरून प्रीपेड वाहन घ्या. गाइड हवा असेल तर ओळखपत्र पाहा आणि पैसे आधी ठरवा. चालकाने स्वतःहून संगमरवराच्या दुकानात नेले तर बहुधा त्याचे कमिशन असते. तिथे संगमरवर म्हणून मऊ शंखजिऱ्याच्या वस्तूही विकल्या जातात. आठवण म्हणून पेठा आणि दालमोठ पुरे. पेठा कोहळ्याचा असतो, आठवडाभर टिकतो आणि शेजाऱ्यांना वाटता येतो.

निघण्यापूर्वी

वार शुक्रवार नाही ना, हे पाहा. सर्वांची ओळखपत्रे, दादींची दुपारची औषधे, टोपी-छत्री, पाणी, जानमाज आणि मळखाऊ, सहज काढता येतील अशा चपला घ्या. प्रत्येक मुलाजवळ एक वही आणि पेन्सिल द्या. संध्याकाळी साडेचारला किल्ल्यातून निघा. असर आटोपून स्टेशनवर वेळेत पोचा. हिवाळ्यात मगरिबही गाडी सुटण्यापूर्वी होऊन जाते.

गाडीत बसल्यावर मुलांना एकच प्रश्न विचारा: भिंतीवरचा कोणता शब्द तुला वाचता आला? आणि दादींनाही विचारा, कारण घरात सूरह यासीन सर्वांत जास्त वेळा त्यांनीच पढलेली असते.