‘वॉर अँड पीस’ वाचताना : नताशाचा मोजा

गेल्या आठवड्यात आपण प्रिन्स आंद्रेला ऑस्टरलिट्झच्या रणात, आकाशाकडे पाहत पडलेला सोडून आलो. आता मधली सात वर्षं ओलांडून १८१२ च्या बोरोदिनोवर जाऊ. दरम्यान त्याचं नताशा रोस्तोव्हशी लग्न ठरलं, आणि अनातोल कुरागिन या देखण्या, बेफिकीर तरुणाने तिला भुलवल्यामुळे मोडलं. अनातोलला द्वंद्वासाठी गाठायचं म्हणून आंद्रे पार तुर्कांविरुद्धच्या आघाडीपर्यंत जाऊन आला आहे.

बोरोदिनोला गोळा फुटून त्याच्या पोटाला जबर जखम होते. उपचारांच्या तंबूत शेजारच्या टेबलावर एकाचा पाय कापतात. कापलेला पाय दाखवा, म्हणून तो माणूस आकांत करतो. पाय दाखवतात तो बुटासकट, रक्त साकळलेला. सेव्हास्तोपोलच्या वेढ्यात तोफखान्यावर अधिकारी असलेल्या टॉलस्टॉयला असे तंबू नवे नव्हते. बायकी हुंदके देणारा हा माणूस म्हणजे अनातोल, हे आंद्रेच्या हळूहळू ध्यानात येतं, आणि ज्याच्या जिवावर उठला होता त्याच्यासाठीच त्याला रडू कोसळतं. शत्रूसकट सगळ्यांवर माया करायची, हेच आपल्याला आजवर कळलं नव्हतं, असं त्याला वाटतं.

बहुतेक वाचक इथे भारावून थांबतात. टॉलस्टॉय मात्र पुढे जातो, आणि माझ्या मते कादंबरीचं खरं धाडस तिथे आहे.

बोरोदिनोनंतर फ्रेंच चालून येतायत म्हणून मॉस्को रिकामं होत असताना रोस्तोव्हांच्या वाड्यात गाड्यांवर सामान चढलेलं असतं. जखमी सैनिकांना मागे टाकून आपण गालिचे आणि चिनी मातीची भांडी न्यायची, हे नताशाला सहन होत नाही. ती आईवडिलांवर अक्षरशः ओरडते आणि गाड्या रिकाम्या करायला लावते. त्याच तांड्यात आंद्रेही आहे, याचा तिला पत्ताच नसतो. कळतं ते मितिश्चीच्या मुक्कामात. त्या रात्री ती अंधारात त्याच्यापाशी जाते, गुडघे टेकून क्षमा मागते.

मग यारोस्लाव्ल. आजाऱ्याची शुश्रूषा मोजे विणणाऱ्या म्हाताऱ्या दाया सर्वांत चांगली करतात, असं आंद्रे सहज बोलून गेलेला असतो. तेवढ्यावरून नताशा विणायला शिकते. मेणबत्तीचा उजेड त्याच्या डोळ्यांवर येऊ नये अशी बसून ती विणत असते. मांडीवरचा लोकरीचा गुंडा घरंगळतो, ती दचकून त्याच्याकडे पाहते, ज्योतीआड हात धरून अलगद वाकते आणि तो उचलते. या मुलीसाठी आंद्रेला पुन्हा जगावंसं वाटू लागतं, आणि म्हणूनच मरणाची धास्तीही परतते.

त्याच संध्याकाळी त्याला स्वप्न पडतं. दाराबाहेर मृत्यू आहे, दार रेटून धरलंय, पण ते उघडतं. जाग येते तेव्हा त्याची सगळी ओढ संपलेली असते. दोन दिवसांनी बहीण मारिया त्याच्या सात वर्षांच्या मुलाला घेऊन पोचते, तर त्याच्या नजरेतला परकेपणा पाहून ती हादरते. मुलाचा तो मुका घेतो, पण त्याच्याशी काय बोलावं हे त्याला सुचत नाही.

सगळ्यांवर सारखं प्रेम करणाऱ्याला स्वतःच्या पोराशी बोलायला शब्द नाहीत! टॉलस्टॉय आंद्रेला दोष देत नाही, त्या प्रेमाची थोरवीही कमी करत नाही. पण त्याची किंमत कोणाला मोजावी लागते, हे तो लपवत नाही. कोणा एकावर जीव जडला की माणूस जगण्याला बांधला जातो. सर्वांवर सारखा जडला की तो बंध सुटतो. मला नताशाचं प्रेम अधिक मोठं वाटतं, कारण ते गाडी रिकामी करतं, गुंडा उचलतं. १८६९ साली पूर्ण झालेल्या या कादंबरीच्या उपसंहारात हीच नताशा, आंद्रेच्या मृत्यूनंतर आता त्याचा मित्र पिअर याची बायको, बाळाचं दुपटं सगळ्यांना आनंदाने दाखवते: आज डाग हिरवा नाही, पिवळा आहे, म्हणजे बाळाचं पोट सुधारतंय. नताशा ‘सामान्य’ झाली म्हणून हळहळणाऱ्यांनी यारोस्लाव्लचा मोजा आठवावा.

पण मग प्लातोन कारातायेवचं काय करायचं? फ्रेंचांच्या कैदेत पिअरला भेटलेला हा शेतकरी शिपाई समोर येईल त्याच्यावर माया करतो, आणि तरी आपल्याला सोडून जाताना त्याला क्षणभरही दुःख होणार नाही, असं पिअरला वाटतं. पिअर मात्र त्याला जन्मभर विसरत नाही. पुढच्या भागात त्याच्याकडे वळू.