मुखवट्याआडचा शिपाई

'हाफ-लाइफ 2' हा व्हॉल्व कंपनीचा व्हिडिओ गेम 2004 सालचा. परग्रहावरच्या सत्तेने बळकावलेल्या 'सिटी 17'मध्ये माणसांवर पहारा माणसेच ठेवतात. तोंडावर मुखवटा, हातात विजेचा दंडुका. सुरुवातीलाच एक शिपाई रिकामा डबा खाली पाडतो आणि तो उचलून कचऱ्यात टाकायला खेळाडूला फर्मावतो. एवढ्याशा प्रसंगात सारी जुलूमशाही कळते.

पुढे चाहत्यांनी याच शिपायांना नायक केले. रॉस स्कॉट यांनी 2006 पासून खेळातलीच पात्रे आणि जागा वापरून 'सिव्हिल प्रोटेक्शन' ही चित्रफीतमाला रचली. तिच्यात माइक आणि डेव्ह हे दोन शिपाई ड्युटीवर गप्पा मारतात, कंटाळतात, वाद घालतात. मला ही भर फार मोलाची वाटते, कारण मूळ खेळात हे शिपाई बहुतेक वेळा गोळी घालण्यापुरतेच समोर येतात.