कॅरिबियन बेटांवरचा दुष्काळ कसा मोजतात?

चहूकडे समुद्र असलेल्या बेटावर दुष्काळ पडतो, आणि तो फार जाचक असतो. अँटिग्वा बेटावर मोठी नदी नाही. पावसाचं साठवलेलं पाणी हाच आधार. 2015च्या सुमारास तिथलं पॉटवर्क्स धरण आटलं, तेव्हा सगळी मदार समुद्राचं पाणी गोडं करणाऱ्या प्रकल्पांवर आली.

पाऊस साधारण जून ते नोव्हेंबर पडतो. तो हुकला की खरी झळ पुढच्या कोरड्या महिन्यांत बसते, म्हणून आधीच सावध करणं महत्त्वाचं. बार्बाडोसच्या कॅरिबियन हवामान व जलविज्ञान संस्थेने 2009मध्ये त्यासाठी बेटांवरच्या दुष्काळावर लक्ष ठेवणारं जाळं उभारलं. त्याच वर्षी एल निनोसोबत मोठा दुष्काळ आला.

मोजमापाचं मुख्य साधन म्हणजे प्रमाणित पर्जन्य निर्देशांक. आपलं हवामान खातंही तो वापरतं. एखाद्या ठिकाणचा ठरावीक महिन्यांतला पाऊस तिथल्याच जुन्या नोंदींशी ताडतात. शून्य म्हणजे नेहमीइतका, उणे 2च्या खाली म्हणजे अतितीव्र टंचाई. 3 महिन्यांचा आकडा पिकांची स्थिती सांगतो, 12 महिन्यांचा धरणं आणि भूजलाची. त्यामुळे एका सरीने शिवार हिरवं झालं, तरी लांब पल्ल्याचा आकडा उणेच राहू शकतो. पाणीकपात उठवण्याची घाई इथेच नडते.

उपग्रह मदतीला आहेत, पण डोंगराळ बेटाची एक बाजू भिजते नि दुसरी कोरडी राहते. हा फरक त्यांना नीट टिपता येत नाही. म्हणून रोज सकाळी पर्जन्यमापक वाचणाऱ्या माणसाला माझ्या मते पर्याय नाही.