वाडा पाडताना सही कुणाची?

परवा माहेरी, धुळ्याला गेले होते. रिक्षा गल्लीच्या तोंडाशी थांबली आणि क्षणभर वाटलं, आपण गल्ली चुकलो. कोपऱ्यावरचा जुना वाडा गायब! तिथे चार मजल्यांचा सांगाडा उभा. वर सळ्या, खाली वाळूचा ढीग.

घरी पोहोचले तर ओसरीवर नकाशा पसरलेला. धाकटा भाऊ म्हणाला, "ताई, बरं झालं आलीस. आपलाही वाडा बिल्डरला द्यायचं चाललंय. तुझी फक्त एक सही लागेल." कागद हातात घेतला. वर लिहिलं होतं, हक्कसोडपत्र.

चहा घेऊन मागच्या दोन खोल्यांत गेले. तिथे आमच्या काकू राहतात. काकांना जाऊन बरीच वर्षं झाली, मूलबाळ नाही. कळण्याची भाकरी थापता थापता हात थांबला आणि म्हणाल्या, "माय व, आते मी कथा जाऊ?" नकाशा तीन वेळा बदलला होता म्हणे, पण काकूंना कुणी एकदाही विचारलं नव्हतं.

मैत्रिणींनो, ही गोष्ट आज एकट्या आमच्या घरची नाही. कॅप्टन ब्रिग्जने १८१९ च्या सुमारास धुळ्याला खान्देशाचं मुख्य ठाणं केलं आणि इथे सरळ रेषेत गल्ल्या आखल्या गेल्या. आजही त्या नंबराने ओळखल्या जातात. जळगावात तशाच जुन्या पेठा. मधल्या काळात ज्याला जमलं तो गावाबाहेर गेला. धुळ्याचा देवपुरात, जळगावचा महाबळ, पिंप्राळ्याकडे. २००३ मध्ये दोन्ही गावांच्या महापालिका झाल्या आणि गाव आणखी पसरलं. आता मात्र पुन्हा गावाच्या मध्यावर घरं उभी राहताहेत, पण वाडे म्हणून नाही, अपार्टमेंट म्हणून.

यात वाईट काय? खरं सांगू, काहीच नाही. मी स्वतः जळगावात बाहेरच्या कॉलनीत संसार केला. भाजी आणायची, रिक्षा. सासूबाईंना दवाखान्यात न्यायचं, रिक्षा. मुलीचा क्लास सुटेपर्यंत जीव टांगणीला. बाजार, शाळा, डॉक्टर पायी अंतरावर असले की बाईचा अर्धा दिवस वाचतो. शिवाय जुन्या वाड्यांची लाकडं वाळवीने पोखरलेली, पावसाळ्यात धाबं गळतं, रात्री-बेरात्री अंगणातून संडासला जायचं. "वाडा किती छान" असं म्हणणं पाहुण्याला सोपं, तो सारवणाऱ्या वहिनीला विचारा!

पण वाडा जातो तेव्हा नुसत्या भिंती जात नाहीत. मे महिन्यात पारा ४५ च्या पुढे गेला तरी जाड मातीच्या भिंतींआड दुपार निभते. वरच्या मजल्यावरच्या स्लॅबखाली ती निभत नाही. पापड, कुरडया, बिबडे घालायला गच्ची लागते. ती सगळ्यांची राहणार की कुलूपबंद होणार, हे नकाशा पाहतानाच विचारायला हवं.

मी त्या दिवशी सही केली नाही. भाऊ दोन दिवस नीट बोलला नाही. मलाही जेवण गोड लागलं नाही. तिसऱ्या दिवशी म्हटलं, चल, आपण दोघं वकिलाकडे जाऊ. भांडायला नाही, समजून घ्यायला.

तिथे जे कळलं ते तुम्हालाही सांगते. वडिलोपार्जित घरात मुलीला मुलाइतकाच हक्क आहे. महाराष्ट्रात हा कायदा १९९४ मध्ये आला, देशभर २००५ मध्ये. वडील २००५ पूर्वी वारले असले तरी हक्क जात नाही, असं सर्वोच्च न्यायालयाने २०२० मध्ये सांगितलं. मात्र आधीच रीतसर वाटणी झालेली असेल तर गोष्ट वेगळी. आणि काकू? काकांच्या हिश्श्याच्या वारस त्याच. त्यांच्या सहीशिवाय हा व्यवहार पुढे जायलाच नको होता.

दुसरी गोष्ट ऐकून तर भाऊही सावरून बसला. २०१७ पासून 'रेरा' कायदा लागू आहे, त्यामुळे बिल्डरवर वचक आला, हे आपण ऐकतो. पण जागा ५०० चौरस मीटरपर्यंतची असेल किंवा फ्लॅट आठपर्यंतच असतील, तर रेराची नोंदणी सक्तीची नाही. गल्लीतले कितीतरी वाडे असेच लहान! फ्लॅट विकत घेणाऱ्याला १९६३ चा फ्लॅट मालकी कायदा आहेच, पण वाडा देणाऱ्या घराची खरी ढाल म्हणजे आपला करारनामा. म्हणून तो नीट लिहून, नोंदवून घ्यायचा. कोणता फ्लॅट कुणाच्या नावे, कार्पेट किती, काम पूर्ण होईपर्यंत भाडं कोण देणार, उशीर झाला तर काय, गच्ची कुणाची. आणि भोगवटा दाखला हातात आल्याशिवाय राहायला जायचं नाही.

परत येताना भाऊच म्हणाला, "ताई, काकूंचं माझ्या लक्षातच आलं नव्हतं गं." त्याच्या मनात खोट नव्हती. आपल्याकडे घराचे कागद पुरुषांनीच पाहायचे, हीच सवय. तीच तर मोडायची आहे.

आता नव्या करारात तळमजल्यावरचा एक फ्लॅट काकूंच्या नावे लिहिला आहे. तो नोंदवला जाईपर्यंत माझं हक्कसोडपत्र माझ्याच पर्समध्ये राहणार. पुढे हक्क सोडायचा की ठेवायचा, ते मी ठरवीन. सोडलाच तर समजून-उमजून सोडीन, 'फक्त एक सही' म्हणून नाही.

तुमच्याही माहेरी किंवा सासरी ओसरीवर असा नकाशा पसरला असेल, तर चहा देऊन आत जाऊ नका. तिथेच बसा. सिटी सर्व्हेचा उतारा मागा आणि त्यावर कुणाकुणाची नावं आहेत ते वाचा. आणि मागच्या खोलीत कुणी काकू, आत्या असेल, तर तिलाही हाक मारा.