बीजगणिताचे गुण : मिळतात कशाचे, जातात कशामुळे?

दहावीचा निकाल लागला की आपल्याकडे दोन वाक्ये हमखास ऐकू येतात. 'गणिताने घात केला' हे एक, आणि 'गणितात कसाबसा निघाला' हे दुसरे. जणू गणित म्हणजे नशिबाचा खेळ! वस्तुस्थिती अगदी उलट आहे. कोणत्या पायरीला किती गुण द्यायचे हे जितके नेमके गणितात ठरलेले असते, तितके क्वचितच दुसऱ्या विषयात असेल. पण ही माहिती ज्यांना महागड्या शिकवण्या परवडतात त्यांच्यापर्यंत आधी पोहोचते. ज्यांच्या घरात दहावीची परीक्षा देणारे ते पहिलेच मूल आहे, त्यांना ती परीक्षा झाल्यावर कळते. म्हणून महाराष्ट्र राज्य मंडळाच्या दहावीच्या बीजगणिताचा हा हिशेब आम्ही येथे मांडत आहोत.

शंभर गुणांची वाटणी

ज्या पालकांनी १९९० च्या दशकात दहावीची परीक्षा दिली, त्यांच्या डोक्यात १५० गुणांचे गणित असते. ७५ बीजगणित आणि ७५ भूमिती. आता गणित १०० गुणांचे आहे. भाग एक म्हणजे बीजगणित ४० गुण, भाग दोन म्हणजे भूमिती ४० गुण, आणि अंतर्गत मूल्यमापनाचे २० गुण. अंतर्गत गुणांत गृहपाठ आणि बहुपर्यायी प्रश्नांची चाचणी धरली जाते. उत्तीर्ण होण्यासाठी १०० पैकी ३५ गुण लागतात.

२०१८-१९ पासून दहावीला लागू झालेल्या बीजगणिताच्या पुस्तकात सहाच प्रकरणे आहेत : दोन चलांतील रेषीय समीकरणे, वर्गसमीकरणे, अंकगणिती श्रेढी, अर्थनियोजन, संभाव्यता आणि सांख्यिकी. यांतले अर्थनियोजन म्हणजे वस्तू व सेवा कर आणि शेअर्सचा हिशेब. ज्याला 'माझे बीजगणित कच्चे आहे' असे वाटते, त्यानेही शेकडेवारी पक्की केली तर हे प्रकरण त्याच्या हातचे आहे.

प्रश्नपत्रिका कशी वाचावी?

बीजगणिताच्या ४० गुणांच्या प्रश्नपत्रिकेला दोन तास असतात. पहिला प्रश्न ८ गुणांचा; त्यात ४ गुण बहुपर्यायी आणि ४ गुण एकेका गुणाच्या उदाहरणांचे. दुसरा १२ गुणांचा. त्यात ४ गुण कृतींचे, म्हणजे रिकाम्या चौकटी भरून पूर्ण करायच्या उदाहरणांचे, आणि ८ गुण दोन-दोन गुणांच्या उदाहरणांचे. तिसरा ९ गुणांचा, चौथा ८ गुणांचा आणि पाचवा ३ गुणांचा.

विद्यार्थी मित्रांनो, बेरीज करून पाहा. पहिल्या दोन प्रश्नांचेच २० गुण होतात. म्हणजे निम्मी प्रश्नपत्रिका एक आणि दोन गुणांच्या सरळ उदाहरणांची आहे. चौथ्या प्रश्नातल्या एका अवघड उदाहरणाशी अर्धा तास झुंजायचे आणि शेवटी पहिल्या प्रश्नाची उपप्रश्ने घाईत सोडायची, हा तोट्याचा व्यवहार आहे. आधी खात्रीचे गुण पदरात घ्यावेत, मग अवघडाला हात घालावा.

पायरीला गुण असतो

उत्तर चुकले की सगळे गुण गेले, हा आपल्या मुलांचा सर्वांत मोठा गैरसमज आहे. तपासणाऱ्याकडे नमुना उत्तरे असतात आणि मोठ्या उदाहरणांत साधारणपणे अर्ध्या-एका गुणाच्या टप्प्यांनी गुण दिले जातात. एक उदाहरण पाहू.

एका आयताकृती जागेची लांबी रुंदीपेक्षा ५ मीटरने जास्त आहे. क्षेत्रफळ ८४ चौरस मीटर आहे. तर लांबी व रुंदी काढा.

पहिली पायरी : रुंदी क्ष मीटर मानू, म्हणून लांबी (क्ष + ५) मीटर.
दुसरी : दिलेल्या अटीनुसार क्ष (क्ष + ५) = ८४.
तिसरी : क्ष वर्ग + ५ क्ष − ८४ = ०.
चौथी : (क्ष + १२) (क्ष − ७) = ०, म्हणून क्ष = −१२ किंवा क्ष = ७.
पाचवी : रुंदी ऋण असू शकत नाही, म्हणून −१२ हे मूल्य घेता येत नाही.
सहावी : रुंदी ७ मीटर, लांबी १२ मीटर.

समजा, एखाद्या मुलीला अवयव पाडता आले नाहीत. तरी पहिल्या तीन पायऱ्या लिहिल्या तर तिची मेहनत वाया जात नाही. तिने जागा कोरी सोडली, तर तपासणाऱ्याची कितीही इच्छा असली तरी तो गुण कशाला देणार? उलट दुसरा एखादा हुशार मुलगा तोंडी हिशेब करून नुसते '७ आणि १२' लिहितो. उत्तर बरोबर असूनही त्याचे गुण कापले जातात, कारण बीजगणितात रीत विचारलेली असते. चल काय मानले ते न लिहिणे, ऋण मूल्य का सोडले ते न सांगणे, एकक गाळणे, आलेखावर प्रमाण न लिहिणे. अशाच छोट्या गळतींतून पाच-सहा गुण सहज निघून जातात.

वीस गुणांचा भुलावा

आता थोडे कटू बोलणे भाग आहे. काही ठिकाणी अंतर्गत गुण वर्गातील सर्वांना जवळजवळ सारखेच आणि सढळ हाताने दिले जातात. ज्याला २० पैकी १८ मिळाले, त्याला लेखी ८० पैकी १७ गुणांत पास होता येते. घरात आनंद होतो. पण तोच मुलगा तंत्रनिकेतनात पदविकेला गेला, की पहिल्याच वर्षी गणित पुढ्यात येते आणि तेव्हा ही उसनी शिदोरी पुरत नाही. अंतर्गत गुण ही मुलावरची मेहेरबानी नाही. गृहपाठ स्वतः सोडवला आणि चाचणीतली चूक शोधली, तरच त्या गुणांना अर्थ आहे. वही उतरवून काढणाऱ्याचे पान भरते, डोके रिकामेच राहते.

पालकांना बीजगणित येत नसले तरी चालेल. त्यांनी आठवड्यातून एकदा वही उघडून तीन गोष्टी पाहाव्यात : तारीख आहे का, शिक्षकांची खूण आहे का आणि चुकलेले उदाहरण पुन्हा सोडवले आहे का. तिसरी गोष्ट सर्वांत महत्त्वाची. ज्या मुलाला आठवीतले ऋण संख्यांचे चिन्ह, अपूर्णांक आणि अवयव जमत नाहीत, त्याला दहावीचे वर्गसमीकरण कळणार नाही. त्यासाठी मागे जाऊन आठवीचे पुस्तक काढण्यात कसलीही लाज नाही.

निकालानंतर

निकाल अपेक्षेपेक्षा फार वेगळा आला तर गुणपडताळणीसाठी अर्ज करता येतो. उत्तरपत्रिकेची छायाप्रत मागवता येते आणि ती घेतल्यानंतर पुनर्मूल्यांकनही मागता येते. मुदत थोड्या दिवसांची असते, म्हणून मंडळाची सूचना त्याच दिवशी वाचावी. अनुत्तीर्ण झालेल्यांसाठी त्याच वर्षी पुरवणी परीक्षा असते. एका विषयापायी मुलीचे शिक्षण थांबवून तिला घरी बसवण्याचे काही कारण नाही. पुरवणी परीक्षेचा अर्ज भरून तिला पुन्हा अभ्यासाला बसवावे.

विद्यार्थी मित्रांनो, कोणतेही उदाहरण कोरे सोडू नका. जेवढे कळले तेवढे पायरीने लिहा. आणि जे कळले नाही ते दुसऱ्या दिवशी वर्गात हात वर करून विचारा. पालकांनीही मुलाला 'किती गुण पडले?' एवढेच न विचारता 'कोणत्या पायरीला अडलास?' असे विचारावे. या प्रश्नाचे उत्तर ज्याला देता येते, त्याला त्याच्या पुढची पायरी सापडतेच.