वऱ्हाडची रणांगणे – लेखांक ४ : बाळापूर, १७२०

औरंगजेबाच्या मृत्यूनंतर, म्हणजे १७०७ नंतर, मोगल साम्राज्यात जी यादवी माजली तिचा निकाल दिल्ली-आग्र्याकडे लागला असे सामान्यतः समजले जाते. परंतु त्या यादवीतील एक निर्णायक लढाई अकोला जिल्ह्यातील बाळापूरजवळ, भर पावसाळ्यात, १० ऑगस्ट १७२० रोजी झाली.

दिल्लीत त्या वेळी सय्यद बंधूंची सत्ता होती. थोरला अब्दुल्ला खान वजीर होता, तर धाकटा हुसेन अली मीर बक्षी, म्हणजे सैन्याचा मुख्य कारभारी, होता. त्यांनी १७१९ मध्ये फर्रुखसियर बादशहाला पदच्युत करून ठार केले आणि त्याच वर्षी दक्षिणेच्या सहा सुभ्यांची चौथाई (महसुलाचा चौथा हिस्सा) व सरदेशमुखी (त्यावर आणखी दहावा हिस्सा) यांच्या सनदा छत्रपती शाहू महाराजांच्या पदरात पडल्या. त्यामुळे माळव्याचा सुभेदार निजाम-उल-मुल्क सय्यदांविरुद्ध उठून १७२० च्या उन्हाळ्यात नर्मदा उतरला आणि असीरगड व बुऱ्हाणपूर त्याने हस्तगत केले, तेव्हा मराठी फौजा साहजिकच हुसेन अलीचा पुतण्या आणि दक्षिणेतील नायब आलम अली खान याच्या बाजूने उभ्या राहिल्या.

दोन्ही सैन्यांमध्ये दुथडी वाहणारी पूर्णा होती. वऱ्हाडची काळी कपाशीची जमीन पावसात भिजली की बैलगाडीचे चाकही तीत रुतून बसते. मग तोफांचे गाडे, हत्ती आणि हजारोंचा बाजारबुणगा यांची काय गत झाली असेल याची कल्पना या मुलखातल्या शेतकऱ्याला सहज येईल. वऱ्हाडचा कारभारी इवज खान निजामाच्या बाजूचा असल्याने त्याला नदीचा उतार सापडला, मात्र पलीकडे मराठी घोडदळाने त्याची रसद तोडून छावणीत धान्य-वैरणीचे हाल केले. प्रत्यक्ष लढाईत निजामाच्या तोफांपुढे आलम अलीची फळी फुटली. विशीतला हा तरुण हत्तीवरून लढत होता आणि भात्यातले बाण संपल्यावर अंगात व हौद्यात रुतलेले बाण उपसून तेच तो शत्रूवर सोडत राहिला, असे वृत्तान्त सांगतात. तो तेथेच पडला. या लढाईत पराक्रम गाजवलेल्या दमाजी गायकवाडांना शाहू महाराजांनी समशेर बहादूर हा किताब दिला, आणि पुढे बडोद्यास नावारूपाला आलेल्या घराण्याचा उदय येथूनच मोजला जातो.

दक्षिण परत मिळवण्यासाठी बादशहाला बरोबर घेऊन निघालेल्या हुसेन अलीचा ऑक्टोबर १७२० मध्ये वाटेतच खून झाला आणि नोव्हेंबरात अब्दुल्ला खानही पराभूत होऊन कैद झाला. हैदराबादच्या स्वतंत्र सत्तेचा पाया १७२४ च्या साखरखेर्डा येथील लढाईने घातला गेला, असे पाठ्यपुस्तके सांगतात आणि ते खोटे नाही. तथापि दक्षिणेत निजामाचा पाय प्रथम घट्ट रोवला गेला तो बाळापुरास, त्यामुळे अधिक मान याच लढाईला दिला पाहिजे.

वऱ्हाडच्या वाट्याला मात्र दुअंमल आला, म्हणजे एकाच गावावर दोन सत्तांचा हक्क. सुभा निजामाचा राहिला, पण वसुलीला नागपूरकर भोसल्यांचेही कमाविसदार येत राहिले, आणि हा दुहेरी भार रयतेने १८०३ पर्यंत सोसला. त्या वर्षी अडगावच्या पराभवानंतर झालेल्या देवगावच्या तहाने भोसल्यांना वर्धा नदीच्या पश्चिमेकडील हक्क सोडावा लागला. ती लढाई पुढील लेखांकात.