सकाळी एक, संध्याकाळी सहा हजार कोटी

मे महिन्यात यवतमाळला सकाळी सात वाजता मांसाचा एक तुकडा बाहेर राहून गेला आणि त्यावर साल्मोनेलाचा एकच जिवाणू आहे, असं धरू. भरपूर खाणं आणि आपल्या अंगाइतकी ऊब मिळाली की हा जीव वीसेक मिनिटांत दुप्पट होतो. आठ वाजता आठ. दुपारी एकला 2,62,144. संध्याकाळी पाचला 107 कोटी. आणि सातच्या ठोक्याला 6,871 कोटी! एकेकाची लांबी दोन मायक्रॉन धरून त्यांना एकामागे एक उभं केलं, तर रांग 137 किलोमीटरची होते; यवतमाळहून निघालेली ही रांग जवळजवळ नागपूर गाठते. वजन मात्र सगळ्यांचं मिळून ग्रॅमचा दहावा भागही भरत नाही. चिमूटभर मीठ जड पडेल.

हिशेब कागदावरचा आहे. प्रत्यक्षात गर्दी झाली की वाढ मंदावते. पण मांस बर्फात का ठेवायचं, ते कळायला एवढा पुरे.

टिपेश्वर अभयारण्यातला वाघ मात्र मारलेल्या रोहीवर दोन-दोन, तीन-तीन दिवस ताव मारतो, मांसाला वास सुटला तरी. पोटातलं जहाल आम्ल आणि आखूड आतडं यांच्या बळावर त्याला ते सहसा पचतं. खरी मेख इथेच आहे. पिंजऱ्यातला वाघ किंवा बिबट्या साल्मोनेला पोटात बाळगून ठणठणीत दिसू शकतो आणि विष्ठेतून हा जिवाणू बाहेर सोडत राहतो. रोज आठ किलो मांस आणि आठवड्याला एक उपास धरला, तरी एका वाघाच्या पोटात वर्षाला अडीच टन मांस जातं. म्हणजे 312 जेवणं, आणि प्रत्येक जेवण तपासूनच आत जायला हवं.

चुकलं तर काय होतं, ते थायलंडने 2004 मध्ये पाहिलं. कोंबड्यांच्या मांसातून बर्ड फ्लू शिरला आणि एकाच प्राणिसंग्रहालयातल्या 441 पैकी 147 वाघ गेले. तो विषाणू होता, पण वाट तीच, ताटातली. डिसेंबर 2024 मध्ये आपल्या नागपूरच्या गोरेवाडा प्राणी बचाव केंद्रातही तीन वाघ आणि एक बिबट्या बर्ड फ्लूने दगावले.

मला मात्र पिंजरा धुणाऱ्या माणसाची काळजी जास्त वाटते. पाइपची धार जोरात विष्ठेवर बसते, बारीक तुषार उडतात, बाहीवर, हनुवटीवर, ओठांवर. तेच पुढे घासाबरोबर पोटात जाऊ शकतात. जगात दूषित अन्नाने दरवर्षी 60 कोटी माणसं आजारी पडतात आणि 4,20,000 दगावतात, असा जागतिक आरोग्य संघटनेचा अंदाज आहे. वाघाच्या तोंडचा घास तपासायला डॉक्टर असतो. धुणं आटोपून भाकरीचा डबा उघडणाऱ्याला नळाशी साबण तरी हवाच, आणि हातमोजे, गमबूट, तोंडावर मास्कही.